उणे बारदान, उणे कडता

गावंडेंनी छापील कागदांची ती लांबलचक घडी माझ्या टेबलावर आपटली आणि खुर्ची न ओढता उभेच राहिले.

"बाई, तुमच्या मशीनले माह्या कापसाशी काय दुष्मनी हाये, थे सांगा मले आधी."

गावंडे मूळचे हिवरखेडचे. अकोल्याला आमच्या कापूस संशोधन केंद्रात ते नवे वाण तयार करायचे. एकोणीस नंबरच्या वाणामागे त्यांनी अकरा वर्षं घातली होती. बोंडं बेताची, पण कापूस इतका स्वच्छ फुटायचा की वेचणाऱ्या बाया त्या ओळींसाठी आपसात भांडायच्या. त्या हंगामात आमचे आणि इतर केंद्रांचे मिळून बारा वाण शेजारी शेजारी लावून त्यांची चाचणी घेतली. शेतावरचे आकडे मुंबईच्या कॉम्प्युटरकडे गेले आणि निकाल आला: एकोणीस नंबर नववा.

नऊ दिवसांनी नागपूरला बियाणे समितीची बैठक होती. पहिले तीन वाण पुढे न्यायचे आणि बाकीचे बंद करायचे, असा नियम. बंद म्हणजे पुढच्या हंगामात त्या वाणाला जमीन नाही, माणूस नाही, काही नाही. अकरा वर्षं फाइलीत.

"आन् पयला कोन आला, पायलं का?" गावंडे म्हणाले. "चार नंबर! ज्याच्यात काडीकचरा सगळ्यात जास्त, थो पयला. वावरातल्या बायायले जाऊन सांगा, पोट धरून हसतीन."

आमचे वरिष्ठ साठेसाहेब आवाज ऐकून बाहेर आले. ते पुण्याचे. कधी आवाज चढवायचे नाहीत, पण बोलायचे ते लागायचं.

"गावंडे, यंत्राला तुमचे वाण ओळखू येत नाहीत. त्याला फक्त आकडे कळतात. वजनं तुमच्या शेतावर झाली, काटाही तुमचाच."

गावंडे घडी तशीच टेबलावर टाकून निघून गेले. बारा वर्षांच्या नोकरीत कुणी त्यांच्या काट्यावर बोट ठेवलं नव्हतं. मला ते फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली, कारण प्रोग्रॅम माझा होता.

ही सदुसष्ट-अडुसष्टची गोष्ट. तेव्हा माझ्या पदाचं सरकारी नावच 'कॉम्प्युटर' होतं. हाताने दांडा फिरवायच्या गणनयंत्रावर दिवसभर आकडेमोड करणारी बाई, ती कॉम्प्युटर. मग मुंबईला खरा कॉम्प्युटर आला आणि केंद्राने मला सहा आठवडे शिकायला पाठवलं. जायला दुसरं कुणी तयार नव्हतं. परत आले ती प्रोग्रॅम लिहायला शिकून. अकोल्यात यंत्र नव्हतंच. मी चौकटीच्या कागदावर प्रोग्रॅम लिहायची, तो रजिस्टर पोस्टाने मुंबईला जायचा, तिथे एकेका ओळीचं एकेक भोकं पाडलेलं कार्ड व्हायचं, आणि आठ दिवसांनी उत्तर पोस्टाने परत यायचं. एक स्वल्पविराम चुकला तर आणखी आठ दिवस.

आता कंपायलर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आपण गणित आपल्या पद्धतीने लिहितो. यंत्राला ते समजत नाही, त्याला बारीक बारीक हुकूम लागतात. आपल्या गणिताचं त्या हुकमांत भाषांतर करणारा जो मोठा प्रोग्रॅम, तो कंपायलर. मुंबईच्या त्या केंद्रातला कंपायलर तिथल्याच लोकांनी रचला होता आणि मागेल त्याला त्याची छापील प्रत मिळायची. अट एकच. चूक सापडली तर कळवायची, आणि दुरुस्ती सुचवली तर ती सगळ्यांना खुली. दर महिन्याला एक दुरुस्तीपत्रक यायचं: अमुक कार्ड काढा, तमुक घाला.

माझ्याकडे त्या प्रतीचे दोन जाड गठ्ठे होते. आलेली प्रत्येक दुरुस्ती मी डिंकाने जागच्या जागी चिकटवायची. ऑफिसात यावरून माझी यथेच्छ थट्टा व्हायची. "जोशीबाईंची पोथी आली," म्हणायचे. माझे वडील अमरावतीला भिक्षुकी करायचे. विकतच्या पंचांगातली गणितं ते घरी पुन्हा करून बघायचे आणि चूक सापडली की दिवसभर खुशीत असायचे. ही खोड मला त्यांच्याकडूनच लागली.

त्या दिवशी मी आधी माझाच प्रोग्रॅम तपासला. तीनदा. मग गावंडेंची वजनांची वही मागवून घेतली आणि जुन्या दांड्याच्या यंत्रावर दोनच वाणांचा हिशेब केला, चार आणि एकोणीस.

चार नंबरचं एका प्लॉटमागे सरासरी वजन, पोत्यासकट पंचवीस किलो. पोतं, म्हणजे बारदान, एक किलो. ओल आणि काडीकचरा यांच्यापोटी वजा करायचं वजन, ज्याला आमच्याकडे कडता म्हणतात, ते चार किलो. उरला वीस किलो कापूस. एकोणीस नंबरचं वजन चोवीस, पोतं एक, कडता फक्त एक. उरले बावीस. सरळ एकोणीस नंबर पुढे.

मग मुंबईचे आकडे उलट्या हिशेबाने प्लॉटमागे आणले. चार नंबर अठ्ठावीस. एकोणीस नंबर चोवीस.

मी कागदाकडे बघतच राहिले. पोत्यासकट पंचवीस, आणि पोतं, कचरा काढल्यावर अठ्ठावीस! यंत्राने छापताना फक्त हेक्टरी सरासरी छापली होती, म्हणून ही गंमत कुणाच्या डोळ्यांना दिसली नाही. चार नंबरमध्ये वाढ आठ किलोची, कडत्याच्या दुप्पट. एकोणीस नंबरमध्ये वाढ दोन किलोची, तीही कडत्याच्या दुप्पट. म्हणजे कडता वजा व्हायच्या ऐवजी मिळवला जात होता. ज्याच्यात कचरा जास्त, त्याला बक्षीस. गावंडे जे बोलले ते अक्षरशः खरं होतं.

पण माझ्या कागदावर तर स्वच्छ लिहिलेलं होतं: वजन उणे बारदान उणे कडता. आमच्याकडे काट्यावरचा माणूस याच क्रमाने पुकारतो. आधी वजन, मग बारदान काढा, मग कडता काढा. मी तसंच उतरवलं होतं. चूक माझ्या ओळीत नसेल तर ती भाषांतरात असणार.

दोन दिवस मी पोथी घेऊन बसले. कंपायलरमध्ये प्रत्येक चिन्हाला एक मान दिलेला होता. अधिकला सर्वांत कमी, उण्याला त्याहून एक जास्त, मग गुणाकार, भागाकार, आणि घाताला सर्वांत वरचा. दोन चिन्हं एकामागून एक आली की नियम असा: आधीच्याचा मान मोठा असेल किंवा बरोबरीचा असेल, तर आधीचं काम आधी उरकायचं. हे 'किंवा बरोबरीचा' माझ्या प्रतीत मूळ छापलेलं होतं, पण त्याच्यावर मीच चिकटवलेला एक कागद होता. गेल्या महिन्यातली दुरुस्ती. तिने ते शब्द काढून टाकले होते.

का काढले, तेही लिहिलेलं होतं. घातावर घात असेल तर शेवटचा घात आधी करायचा असतो. कंपायलर उलट करत होता. कुणीतरी ते बरोबर केलं, पण नियम सगळ्यांनाच लागू झाला. आता उण्यापुढे उणे आलं की पहिलं उणे थांबून राही. शंभरातून वीस काढा, मग पाच काढा, उत्तर पंच्याहत्तर. यंत्र आधी विसातून पाच काढी आणि ते पंधरा शंभरातून. उत्तर पंच्याऐंशी.

खरं सांगते, त्या क्षणी मी टाळी वाजवली. एकटीच होते खोलीत.

साठेसाहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"असं करा," ते म्हणाले, "बारदान आणि कडता कंसात घालून एकदम वजा करा. आपलं काम झालं. मुंबईला कळवायची गरज नाही."

"आणि ज्यांनी कंस घातले नसतील त्यांचं काय, साहेब?"

"त्यांचं ते बघतील. हा कंपायलर गणितात डॉक्टरेट केलेल्या माणसांनी लिहिलाय. तुमचं निदान चुकलं तर अकोल्याचं हसं होईल. समितीपुढे मला उभं राहायचंय, तुम्हाला नाही."

"साहेब, गावंडेंच्या काट्याचं काय? आपण नुसते नवे आकडे नेले तर लोक म्हणतील, यांनी सोयीचे करून आणले. मुंबईने चूक मान्य केली तरच ते कागद चालतील."

त्यांनी माझा कागद पुन्हा एकदा वाचला. मग शिपायाला हाक मारली आणि अर्जंट ट्रंक कॉल बुक करायला सांगितला. पुणेरी माणूस, पण पटलं की पटलं.

कॉल लागायला तीन तास गेले. तेवढ्यात गावंडे येऊन बसले. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं, पण ते फोनकडे असे बघत होते जसं काही त्यातून कोर्टाचा निकाल यायचाय.

पलीकडे मेनन होते. कंपायलरची रोजची देखभाल त्यांच्याकडे होती, आणि मला शिकवलंही त्यांनीच. आम्ही इंग्रजीत बोलायचो.

"मिस जोशी, अशक्य," ते म्हणाले. "रोज पन्नास प्रोग्रॅम चालतात. कुणाचीच तक्रार नाही."

"बहुतेक जुने आहेत, सर. त्यांचं भाषांतर दुरुस्तीच्या आधीच होऊन गेलंय. एकच ओळ चालवून बघा. शंभर उणे वीस उणे पाच. कंस घालू नका."

"यंत्र आज भरलेलं आहे."

"एक मिनिट लागेल. आमच्या एका माणसाची अकरा वर्षं अडकली आहेत."

तीन मिनिटं संपली, ऑपरेटरने लाइन तोडली. साठेसाहेब म्हणाले, "नाही करणार ते." गावंडे म्हणाले, "करतीन. बाईनं तसं सांगतलं."

दीड तासाने मुंबईहून फोन आला. मेनननी नमस्कारही केला नाही.

"पंच्याऐंशी," ते म्हणाले. "मिस जोशी, ती दुरुस्ती मी केली होती."

फार थोडे लोक असं बोलतात. मी काही म्हणायच्या आत त्यांनी विचारलं, "तुम्ही उपायाचा विचार केलाय?" केला होता. 'किंवा बरोबरीचा' परत आणायचं, आणि फक्त घाताला त्यातून वगळायचं. दोन कार्डांचं काम. मी एकेक अक्षर सांगत गेले, ते लिहून घेत गेले. ऑपरेटरने तीन मिनिटांवर टोकलं तेव्हा मेनन तिच्यावर इतके खेकसले की तिने पुढची तीन मिनिटं विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचे आकडे पुन्हा चालवले. बारा वाणांचे बारा आकडे मी फोनवर उतरवून घेतले आणि गावंडे एकेक आकडा माझ्या हातहिशेबाशी ताडून "बराबर" म्हणत गेले. बारा वेळा बराबर. छापील प्रत आणि चूक मान्य केल्याचं पत्र मेनननी थेट नागपूरला रजिस्टरने पाठवलं. साठेसाहेबांनी समितीपुढे ते पत्र आधी वाचून दाखवलं, आकडे नंतर. वर सांगितलं, "शेतावरची वजनं पहिल्यापासून बरोबर होती. मी शंका घेतली, ती चूक माझी." हे मला नागपूरहून आलेल्या कारकुनाने सांगितलं. साहेब स्वतः कधीच बोलले नाहीत.

पुढच्या महिन्याच्या पत्रकात आमची दुरुस्ती आली. खाली लिहिलं होतं: अकोल्याहून. मी ते पत्रक घरी नेऊन आईला दाखवलं, तिला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, आणि तिने ते देवापुढे ठेवलं. मला लाज वाटली नाही. आजही वाटत नाही. ज्या गावात यंत्र नव्हतं, तिथे बसून यंत्राची चूक काढली होती मी.

मी मेनननी न मागता आणखी एक गोष्ट पाठवली. बावीस साधी गणितं, उत्तरांसकट. उण्यापुढे उणे, भागाकारापुढे भागाकार, घातावर घात, सगळं. मुंबईत त्याचा कार्डांचा एक छोटा गठ्ठा झाला. कंपायलरमध्ये कुणीही काहीही बदललं की आधी तो गठ्ठा चालवायचा आणि बावीसही उत्तरं जुळली तरच बदल ठेवायचा, असं ठरलं. तिथे त्याला 'अकोला डेक' म्हणायचे. त्यानंतर तीन-चार वर्षांत त्या डेकने किती दुरुस्त्या परत पाठवल्या ते मेनन मला पत्रातून कळवत राहिले. दोन तर माझ्याच होत्या.

चूक दुरुस्त केली की बिघडलेलं सुधारलं का, हे सगळेच बघतात. जे धड होतं ते धड राहिलं का, हे बघायला कुणीतरी नेमावं लागतं.

एकोणीस नंबर दुसरा आला आणि पुढे गेला. पहिला आला तो अमरावती केंद्राचा वाण. निकाल कळला तेव्हा गावंडे पुन्हा माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. या वेळी खुर्ची ओढून बसले, घडी नीट ठेवली आणि म्हणाले,

"बाई, तुमच्या अमरावतीचा पयला कसा काय आला? मले वाटते, मशीन अजून पुरती दुरुस्त नाई झाली. पुन्हा एकडाव फोन लावून पायता काय?"