मोरूने बसवलेला खताचा डबा

“आठ दिस झालं. माझा हातानं टोकलेला वाल वर आला, तुमचा अजून इचार करतोय.” मोरूची बायको शकू पडवीत बियाण्याचं मडकं मांडीशी घेऊन बसली होती. “आता ह्या उरलेल्या वालाला तुमी आन् तुमचं ते यंत्र, दोघांनी हात लावायचा नाय.”

“अगो, यंत्राचा काय दोष?”

“मग कुणाचा, माझा?”

दोष कुणाचा याची मोरूला थोडी शंका येऊ लागली होती, पण जेवणाआधी ती बोलून दाखवायला तो तयार नव्हता.

मोरूने मुंबईत बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. नाते गावाजवळच्या आपल्या वाडीत तो परतला तो पान्यांची पेटी आणि यंत्रं आपल्याला वचकून असतात हा समज घेऊन. दिवाळीत साताऱ्याकडचा साडू घाट उतरून आला, तेव्हा त्याने आपलं जुनं टोकणयंत्र आणून दिलं. हाताने ढकलायचं, चाक फिरेल तसं एकेक बी सरीत सोडणारं. दुसऱ्या कुणी ते मुकाट्याने वापरलं असतं. मोरूला त्यात उणीव दिसली. खत टाकायची सोय नव्हती.

मग त्याने रंगाचा रिकामा डबा वर बसवला, सायकलची चेन चाकाला जोडली आणि डब्याखाली फवारणीपंपाची नळी लावली. नळीचं तोंड कुठे सोडणार, असं सून रूपालीने विचारलंही होतं. “बाबा, शेतीच्या सायबांनी सांगितलंय, खत बियापासून दोन बोटं लांब पडाय पायजे.”

मोरू हसला होता. “राबात आपण भाताचं बी राखेतच टाकतो ना? राख लांब ठेवतो काय?” पालापाचोळा भाजून केलेल्या राबाच्या राखेत भात रुजतं, तर खतात वाल का रुजणार नाही? त्याने नळी बियाच्याच वाटेत सोडली.

शकू मडकं घेऊन आत गेली. भात कापल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावरच वाल येतो. अजून पेरायच्या राहिलेल्या खालच्या खाचरातली ओल फार तर दोन दिवस टिकणार होती. एवढ्या वेळात ते सगळं हाताने टोकून होणार नव्हतं, हे शकूलाही ठाऊक होतं.

मोरू खुरपं घेऊन यंत्राने पेरलेल्या शेतात गेला. त्याने पहिली सरी उकरली. वाल फुगून काळपट पडलेला, अंगाला खत चिकटलेलं. दुसरी तशीच, तिसरीही तशीच. बांधाकडच्या शेवटच्या सरीत मात्र वितीवितीवर कोंब उभे होते, लिफ्टच्या बटणांसारखे सरळ रांगेत. मोरूची छाती फुगली. मग त्याला आठवलं. दवाने खत ओलं झालं होतं, नळी तुंबली होती, आणि या सरीत खताचा दाणासुद्धा पडला नव्हता. साडूचं यंत्र चोख होतं. मोरूची सुधारणा जिथे बंद पडली, तेवढाच वाल उगवला होता.

एक कोंब मुळासकट उपटून तो घरी आला. शकू आणि रूपाली चुलीपाशी होत्या. “बांधाकडची शेवटची सरी तेवढी आली,” त्याने सांगितलं.

“तेवढीच सरी कशी आली, बाबा?” रूपालीने विचारलं.

“तिथवर माझी अक्कल पोचली नाय.”

शकूने कोंब उलटसुलट करून पाहिला. “बावीस वर्सं त्या लिफ्टीतली माणसं वाचली कशी?”

“बरीच जिन्यानं जायची.”

तिने कोंब बियाण्याच्या मडक्याशेजारी नीट ठेवला आणि पुढची भाकरी थापायला घेतली. मोरू मागच्या दारी गेला, पाना काढला, डबा, चेन, नळी सगळं सोडवून कोपऱ्यात टाकलं आणि हात धुऊन पाटावर बसला.

“उद्या उजाडताच खालच्या खाचरात यंत्र जाईल,” तो ताटाकडे बघत म्हणाला. “बी शकूनं भरायचं, ढकलायचं पण तिनंच. खत मी टाकणार. मागनं वाकून, हातानं, दोन बोटं लांब.”