दुसऱ्या कंपनीची मशीन

आईला ऐकू कमी येतं. आमच्या शहरातल्या गोरखपूर बाजारातून तिला कानाची मशीन घेऊन दिली, तेव्हा सगळ्यात मोठा आनंद फोनचा झाला. जवळच्या पाटन गावी राहणाऱ्या मावशीचा आवाज मोबाइलमधून सरळ मशीनमध्ये, म्हणजे आईच्या कानातच यायचा. सकाळचा चहा झाला की दोघी बहिणी बोलत बसायच्या.

मग मोबाइलमध्ये कंपनीचं अपडेट आलं आणि त्याने मशीनला ओळखणंच सोडलं. समोरच्याचं बोलणं आईला ऐकू यायचं, फोनवर मात्र नुसती खरखर. तिने मला सांगितलं नाही. अंदाजाने "हो, हो" करत राहिली.

अशात मावशीचे यजमान अंगणात घसरून पडले, कंबरेचं हाड मोडलं. मावशीने रडतच फोन केला. आई हसून म्हणाली, "अच्छा, चांगलं झालं बाई!"

थोड्याच वेळात मावशीचा मला फोन. "तुझी आई अशी काहून बोलून राहिली? काय वाईट केलं मी तिचं?"

मी आईला सगळं सांगितलं. तिने मशीन कानातून काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "घेऊन जा ही. फोनवर नुसती खरखर येते."

मी मोबाइलच्या दुकानात गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "अंकल जी, आपकी मशीन दूसरी कंपनी की है. हमारी वाली ले लीजिए, तुरंत जुड़ जाएगी." मोबाइलच्या कंपनीने आता स्वतःचीच कानाची मशीन काढली होती. त्याने चकचकीत डबी पुढे सरकवली.

"पिछले हफ्ते तक तो चल रही थी!"

"अब अपडेट आ गया न."

"तो पुराना वापस डाल दो."

"कंपनी डालने नहीं देती."

म्हणजे काही बिघडलं नव्हतं. चालणारी गोष्ट मुद्दाम बंद पाडली होती. मी भर दुकानात ओरडलो, गिऱ्हाइकं वळून बघू लागली. त्या मुलाच्या हातात काही नव्हतं हे कळत होतं, तरी ओरडलो. घरी येऊन कंपनीला तक्रार पाठवली. उत्तर आलं, आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. अनुभव! एका म्हाताऱ्या बाईला सख्ख्या बहिणीसमोर निर्दयी ठरवलं यांनी, आणि वर हे असं गोड बोलणं. आजही त्या कंपनीची जाहिरात लागली की मी टीव्ही बंद करतो.

रविवारी आईला घेऊन पाटनला गेलो. "मला ऐकूच नाही आलं गं," आई म्हणाली.

"मग हो हो काहून म्हणत होतीस?"

ऐकू येत नाही हे सांगायची आईला लाज वाटली होती. मावशीने चहा दिला, पण आमच्याजवळ बसली नाही. आई आत जाऊन तिच्या यजमानांच्या पलंगाशी बसून राहिली.

नंतर मी आईला तिच्या जुन्याच मशीनशी जुळणारा दुसऱ्या कंपनीचा मोबाइल घेतला. आवाज पुन्हा तिच्या कानात येतो, स्वच्छ येतो. तरी ती आता प्रत्येक वाक्याला विचारते, "काय म्हणालीस? पुन्हा सांग." मावशी दोनदा सांगते, मग कंटाळून फोन ठेवते.