पाटावरून उठवलेली हत्यारे

पंधरा वर्षे मी हे ओठांच्या आत ठेवले आहे. नवऱ्याला सांगितले नाही, लेकीला नाही. कवितेतही नाही — आणि कवितेत तर मी किती काही आडून-आडून सांगत आले! मग आज तुम्हाला का? ठाऊक नाही. कदाचित तुम्ही मला मधेच थांबवणार नाही, म्हणून.

पण आधी त्या हातांविषयी सांगू द्या. ते सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

नाना पेठेत, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांच्या रांगेत, पांचाळांचे एक अरुंद दुकान होते. खडा लागून गाडीच्या पुढच्या काचेचा टवका उडाला, की बाकी सगळे म्हणत, काच बदला. पांचाळ म्हणत, बघू द्या. टवक्यावर ते बोटाचे पेर ठेवत आणि डोळे मिटून घेत — तंबोरा लावणारा माणूस तार ऐकतो, तसे. काच ऐकू येते का कुणाला? त्यांना येत असावी.

आमच्या काचेला तो खडा मांजरी गावच्या रस्त्यावर लागला, एका डंपरच्या चाकाखालून उडालेला. मुगाच्या दाण्याएवढा टवका, आणि त्यातून फुटलेले तीन बारीक पाय. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, तिसऱ्या दिवशी दसरा. दसऱ्याला गाडीला हार घालायचा, आणि भंगलेले काही पूजेत ठेवायचे नाही — हे माझ्या मनात लहानपणापासून इतके खोल रुजलेले, की नवमीच्या दुपारी मी एकटीच गाडी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले.

त्यांची पूजा झालेली होती. पाटावर लाल कापड, त्यावर त्यांची हत्यारे: एक छोटा पितळी पंप, पाती, काचेला चिकटणारा तिपायी साचा, निळ्या प्रकाशाचा एक दिवा. प्रत्येकावर कुंकवाचे बोट, प्रत्येकापुढे झेंडूचे एक फूल.

“वहिनी, हत्यारं पाटावर बसली आता. दसरा झाल्याशिवाय उठायची नाहीत.”

मी तिथेच परतायला हवे होते, नाही का? पण मी शब्दांवर जगणारी बाई. म्हटले, “काका, तुमच्या हाताला हत्यारं नाही कशी म्हणतील?” ते हसले. स्तुतीपुढे साधी माणसे किती उघडी असतात — आणि मला ते माहीत होते. त्यांनी पाटापुढे हात जोडले, पुटपुटत काही क्षमा मागितली, आणि एकेक हत्यार उचलले. कुंकू पुसले नाही.

पुढचा अर्धा तास मी आजही जसाच्या तसा पाहू शकते. झेंडूच्या कडवट वासात टवका भरायच्या औषधाचा झणझणीत वास मिसळला. तिपायी काचेवर बसली, पंपाचा स्क्रू केसभर फिरला, आणि टवक्यात अडकलेली हवा एका बुडबुड्यात गोळा होऊन वर आली. मग औषधाचा पारदर्शक थेंब आत उतरू लागला. पहिला पाय विझला. मग दुसरा. तिसऱ्यासाठी ते नुसते थांबले — काही न करता, श्वास रोखून — आणि तोही विझला. निळा दिवा धरला, पात्याने वरचा थर खरवडला, अंगठ्याने एकदा पुसले. मी जागा शोधत राहिले, सापडली नाही. आयुष्यभर मी ओळी घासत आले आहे, पण शेवटी थांबायचे कुठे, हे त्या माणसाला कळत होते तसे मला कधी कळले नाही.

निघताना म्हणाले, “उद्याचा दिवस तापल्या काचेवर गार पाणी तेवढं घालू नका. बाकी काही पथ्य नाही.”

इथवर सांगणे सोपे होते.

दसऱ्याच्या सकाळी गाडी अकरापर्यंत उन्हात उभी होती. अविनाश — माझा नवरा — वर आंघोळीला गेलेला. काचेवर कबुतराने घाण केली होती. माझ्या हातात पूजेचा तांब्या, माठातल्या पाण्याने भरलेला. मी विसरले होते का? नाही. हे मला सरळ सांगितलेच पाहिजे — मला आठवत होते. वाटले, एवढ्याशा तांब्याने काय होते?

टच्च, असा एकच आवाज. आणि पांचाळांनी नाहीशा केलेल्या त्या जागेतून एक रेघ निघाली, शांतपणे, काचेच्या कडेपर्यंत.

मी पदराने काच पुसली. घाईने, कोपऱ्याकोपऱ्यातून. जमिनीवरची ओल उन्हाने आवरली. अविनाश हार घेऊन खाली आला तेव्हा मी म्हटले, “बघ ना, आपोआपच गेला तडा.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे नाना पेठेत गेलो. अविनाशची जीभ सदाशिव पेठेतली. “काय पांचाळ, काच सांधलीत की रांगोळी काढलीत?” पांचाळ काचेवर वाकले. तड्यावरून बोट फिरवत ते मुळापाशी आले, थांबले, आणि अविनाशला नाही — मला विचारले, “वहिनी, पाणी पडलं होतं का?”

“नाही.”

एवढाच शब्द. माझ्या साऱ्या शब्दांतला सगळ्यात लहान. त्यांनी तो लगेच खरा मानला. संशयाची एक सुरकुती त्या चेहऱ्यावर उमटली नाही. ती उमटली असती तर? तर मी बोलले असते का? कुणास ठाऊक.

“मग माझंच,” ते म्हणाले. “उठवायला नको होती.” नवी काच त्यांनी त्याच दिवशी बसवून दिली. पाटाकडे एकदाही पाहिले नाही.

मग वर्षानुवर्षे मी नाना पेठ टाळली. परवा मात्र लेकीच्या गाडीला खराडीच्या वाटेवर खडा लागला, ती ऑफिसात, आणि गाडी माझ्याकडे. माझे हात आपोआप तिकडे वळले — की मीच वळवले?

पांचाळांचे केस पांढरे झालेत. माझेही; त्यांनी मला ओळखले नाही. टवक्यावर पेर ठेवले, डोळे मिटले — तसेच, अगदी तसेच — आणि मग बोट काढून घेतले.

“टवका भरत नाही मी, ताई. बदलून देतो.”

भरता येणार नाही का, मी विचारले.

“येईल की. पण एकदा नवमीला हत्यारं उठवली होती, एका बाईंसाठी. दुसऱ्या दिवशी काच गेली. तेव्हापासून हातावर भरवसा नाही.” कपाटात तो निळा दिवा होता, कुंकवाच्या वर्षावर्षांच्या थरांखाली. दर नवमीला पाटावर बसतो, म्हणाले. कामाला उठत नाही. “त्यांचे यजमान बोलले. बोलणारच. पण बाई भल्या हो. एक वाकडा शब्द नाही काढला तोंडातून.”

टवका मुगाएवढाच होता. दुकानात आम्ही दोघेच होतो. मला कुठे जायची घाई नव्हती.

मी म्हटले, “बदलून द्या.”