ओली फांदी

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटची गॅलरी एवढीशी, पण समोर टेकडी. थंडी सरली की ती टेकडी तपकिरी पडते आणि त्यात एकच हिरवा ठिपका उरतो. तो आमच्या ह्यांचा करंज. निवृत्तीनंतर ह्यांनी लावलेलं पहिलं झाड. रोज सकाळी पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन हे वर चढायचे. पुढे करंजाच्या वरच्या अंगाला आवळे, बहावे, कडुनिंब अशी गुडघ्याएवढी पोरंही वाढायला लागली. करंजाचं पान कुणी तोडलेलं ह्यांना खपायचं नाही. "आपल्या घरी कुंडी नाही का?" एवढं विचारून ह्यांनी फिरायला आलेल्या भल्याभल्यांना गप्प केलं आहे.

मागच्या वर्षी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं, आणि कॅन माझ्या खांद्यावर आला. सकाळी हे गॅलरीत खुर्चीवर बसायचे, ठिपका बघायचे आणि मगच चहाला तोंड लावायचे. डॉक्टर काय म्हणतात ते म्हणोत, हा माणूस त्या ठिपक्यावर जगत होता.

होळीच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी, टेकडीच्या पलीकडून धूर आला. कुणी सिगारेट टाकली, की पार्टी करून शेकोटी तशीच सोडली, देव जाणे. टेकडी म्हणजे सार्वजनिक अॅशट्रे, असाच लोकांचा समज आहे. ह्यांनी डाव्या हाताने दार दाखवलं. "जा." शेजारच्या वहिनींना ह्यांच्याजवळ बसवलं आणि मी पळाले.

वर रोज सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी काहीजण पोचले होते आणि वनखात्याचा एकटा रक्षक. बंब पायथ्याशीच थांबलेला, त्याला कुठे टेकडी चढता येते? गवत कंबरेएवढं, वारा आमच्याच दिशेने. कुणी बाटलीतलं पाणी ओततंय, कुणी व्हिडिओ काढतंय. "अहो, चित्रीकरण झालं असेल तर जरा हात लावा," मी एकावर खेकसले. वाळक्या फांद्यांनी झोडायला गेलो, तर फांद्याच पेटल्या. आग झोडायची ती ओल्या फांदीनं, हे ह्यांनीच सगळ्यांना शिकवलेलं. पण ओलं होतं कुठे? अख्ख्या उतारावर भरगच्च पानांचं एकच झाड होतं.

मी करंजाच्या फांदीला लोंबकळले.

"काकू, नक्की तोडायची ना?" रक्षकाने कोयता काढत विचारलं. त्याने ह्यांची बोलणी खाल्ली होती.

"तोडा! सगळ्या तोडा!" वरची रोपं वाचतील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

ओढण्या, रुमाल नाकाला बांधून आम्ही झोडत राहिलो. आग इथे दबली की तिथून उठायची. रोपांना उन्हाळ्यात ओल राहावी म्हणून आम्हीच बुंध्याशी पालापाचोळ्याचे थर घातले होते. ते भसाभस पेटले आणि एकेक रोप डोळ्यांदेखत गेलं. मी रडत होते, शिव्या देत होते, कुणाला ते मला माहीत नाही. मग वारा फिरला, आग उघड्या मुरमाकडे गेली आणि आपोआप विझली. आमच्यामुळे नव्हे. एक टिटवी काळ्या जमिनीवर घिरट्या घालत नुसती ओरडत होती. तिची अंडी तिथेच कुठेतरी असणार.

करंज जळला नव्हता, त्याचा नुसता खुंट उरला होता. परत फुटेल, असं रक्षक म्हणाला. कधी, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

घरी आल्यावर मी आधी गॅलरीचं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धूर निवळला होता. हे खुर्चीवर बसून बराच वेळ टेकडीवर नजर फिरवत राहिले. चहा निवला.

"जळला?"

"नाही हो. मी तोडला. आग झोडायला फांद्या हव्या होत्या."

ह्यांनी मान हलवली. म्हणजे पटलं होतं. मग शब्द गोळा करत विचारलं, "किती... वाचली?"

"एकही नाही."

माझा सोललेला तळहात ह्यांनी डाव्या हातात घेतला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"खुर्ची," हे म्हणाले, "फिरव."

तेव्हापासून आम्ही चहा भिंतीकडे तोंड करून पितो.