आगबोट हाकणाऱ्याची भाकरी

जव्हारच्या दरबारात कारकून झालो तेव्हा मला एक खोड लागली. माहीत नसलेल्या गोष्टीचं उत्तर मी सर्वांत आधी द्यायचो.

आत्याची एकुलती एक लेक लग्न होऊन रत्नागिरीला गेली. जावई तिथल्या बंदरावर शिपाई. पहिल्याच वर्षी आत्याने मला विचारलं होतं, आगबोटीला किती पडतात? मी दौतीतून टाक न काढताच सांगितलं, "आगबोट राजेरजवाड्यांची. आपल्याला जमिनी विकाव्या लागतील." आत्या तशीच घरी परतली. मायलेकींची पाच वर्षं भेट नाही. मग लेकीला मूल झाल्याचं पत्र आलं आणि आत्या जामसरहून चालत माझ्या दारात हजर.

"खालचं शेत इकते," ती म्हणाली. "किती पडतात ते नीट सांग."

आता मात्र मी घाबरलो आणि मुंबईच्या आगबोट कचेरीला पोस्टकार्ड टाकलं. उत्तर आलं. डेकचं भाडं अमुक, थोडं सामान फुकट, अंथरूण-जेवण ज्याचं त्याने आणावं, पावसाळ्यात बोट बंद. हिशेब केला तर डहाणू स्टेशनापर्यंतची बैलगाडी अख्ख्या समुद्रापेक्षा महाग! मी तीनदा बेरीज केली. शेत विकायची काही गरज नव्हती.

आत्याने सगळं ऐकलं. "आन् हाकणाऱ्याचं जेवान कोणाकडं?"

आमच्याकडे जो गाडी करतो त्यानेच गाडीवानाला जेवू घालायचं, ही रीत. कार्डात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

"आत्या, बोट गोरा साहेब हाकतो."

"मंग? गोरा काय वारा खाऊन जगतो?"

इथे मी हसायला हवं होतं. त्याऐवजी बोट किती माणसं हाकतात, हे विचारणारं दुसरं कार्ड मी कचेरीला पाठवलं. त्याचं उत्तर अजून यायचंय. शेवटी आत्याने अंदाजानेच नाचणीच्या चाळीस भाकऱ्या थापल्या. मी तिला पोचवायला सोबत निघालो. मुंबईला येईपर्यंत भाकऱ्या कौलासारख्या कडक झाल्या होत्या.

बोट सुटताच आत्या टोपली घेऊन कप्तानाच्या खोलीकडे निघाली. खलाशाने अडवलं, तर त्याच्याच हातात तिने दोन भाकऱ्या ठेवल्या. कप्तान बाहेर आला. त्याने एक भाकरी उलटसुलट केली, बोटाने टकटक वाजवून पाहिली आणि आत्यासमोर टोपी काढली.

डेकवरचे लोक बघत होते. शेजारच्या व्यापाऱ्याने मला हळूच विचारलं, "हे भाड्यात धरत नाहीत वाटतं?"

खोड ती खोड. "छे, वेगळं द्यावं लागतं," मी म्हणालो.

तासाभरात साहेबाच्या दारापुढे लाडू, केळ्यांचा घड, सुकटीची पुरचुंडी आणि पाय बांधलेला एक जिवंत कोंबडा जमा झाला. साहेबाने आतून कडी लावून घेतली. माझी फजिती पाहायला मी फार वेळ शुद्धीत नव्हतो. मला बोट लागली आणि पुढचा सगळा प्रवास मी कठड्यावर ओणवा होऊन केला. आत्या एका हाताने माझी पाठ चोळत होती आणि दुसऱ्या हाताने चणे खात होती. लाटांनी बोट तिरकी झाली की पोरींसारखी हसत होती.

रत्नागिरीला बोट खोल पाण्यातच थांबते. तिथून पडावात बसून किनाऱ्याला जायचं. पडाव वाळूला लागायच्या आत लेक गुडघाभर पाण्यात येऊन उभी राहिली. कडेवर बाळ. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, मधे बाळ चेंगरून रडायला लागलं.

"आई, एक रातीचा तर प्रवास," लेक हुंदके देत म्हणाली. "पाच वर्सं का नाय आलीस गं?"

आता आत्या माझं नाव घेणार. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मला पाण्याचं लय भ्या वाटायचं गं, बाय," ती म्हणाली आणि नातवाला घ्यायला हात पसरले.