हे पितळ काळं पडेल

"जे आहे ते छाप. नसेल ते छापू नको."

माझ्या छापखान्यात पाऊल टाकलं की ताईंचं पहिलं वाक्य हेच. बसायच्या आधी, पाणी प्यायच्या आधी. मी काहीतरी खोटं छापायला टपून बसलोय असा त्यांचा कायमचा संशय. आणि एकदा तो खराही ठरला.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत माझा एक गाळा आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, अगरबत्तीची खोकी, मिळेल ते छापतो. ताई पहिल्यांदा आल्या त्या छपाईसाठी नव्हेच. दारात पत्रिकांच्या कात्रणांची गोणी होती, तिच्यात कोपरापर्यंत हात घालून उभ्या होत्या. पन्नाशी ओलांडलेली, सुती साडी, रबरी चपला, आणि दहाही बोटांची नखं काळी.

"हे फेकतोस?"

"रद्दीवाला नेतो."

"मग मी नेते. यावर छापून देशील का? माझे दागिने आहेत, त्यांना चिठ्ठ्या लावायच्यात."

दागिने म्हणजे पितळेचे. कांजूरमार्गला तळमजल्याच्या एका खोलीत त्या राहायच्या आणि तिथेच काम करायच्या. भंगारवाल्याकडून फुटके हंडे, चेपलेल्या पराती, भोकं पडलेली तबकं आणायच्या. ते पत्रे करवतीने कापून, तापवून, ऐरणीवर ठोकून त्यातून कानातली, गळ्यातली, कडी घडवायच्या. कानात जाणारी तार मात्र मोडक्या पैंजणांच्या चांदीची. "कान चिघळायला नको ना कुणाचा."

चिठ्ठीवरचा मजकूर त्यांनीच सांगितला. ‘हे पितळ एका फुटक्या हंड्याचं आहे. कानातली तार जुन्या चांदीची आहे. हे पितळ काळं पडेल. पडलं की चिंचेने घासावं.’

मी म्हटलं, "ताई, काळं पडेल हे कशाला लिहायचं? गिऱ्हाईक पळेल."

"पडतं ना काळं?"

"पडतं."

"मग?"

छापलं. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला कुणाच्या तरी पत्रिकेचा तुकडा यायचाच. कुणाच्या डुलांमागे ‘आग्रहाचे’ एवढंच, कुणाच्या कड्यामागे गणपतीची अर्धी सोंड. एका बाईंनी विचारलं, हे काय? ताई म्हणाल्या, "लग्न लागलं त्यांचं. कागद मोकळा झालाय आता."

एवढा हट्ट कशासाठी, ते मला पुढे कळलं. एकदा गाळ्याबाहेरच्या गटारात मी शाईचं फडकं पिळलं. ताई बघत होत्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण त्या हळू आवाजात बोलल्या. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा घरातली मोठी म्हणून ताई मालाडला एका नकली दागिन्यांच्या कारखान्यात लागल्या, सोन्याचं पाणी चढवायच्या कामावर. दिवसभर पिंपात बांगड्या बुडवायच्या, आणि संध्याकाळी ते पिंप मागच्या नाल्यात ओतायचं.

"वीस वर्षं ओतलं मी. नाल्याचा रंग बघून सांगायचे, आज कुठली ऑर्डर गेली ते. शेजारी एक बाई पालेभाजी लावायची. तिच्याकडून मीच घ्यायचे मेथी." मग म्हणाल्या, "मालकाला एकदा बोलले, तर म्हणाला, तुला काय करायचंय? त्या दिवशी हिशोब न घेता निघाले. मला करायचंच होतं."

तेव्हापासून मी फडकं बादलीत पिळतो.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. ती सोबतीला असली की आपल्याला उगाच आपण चांगले आहोत असं वाटू लागतं. माझं तसंच झालं होतं.

मुलुंडला एका सभागृहात दिवाळीआधी प्रदर्शन भरायचं. तिथे ताईंचं टेबल असायचं. एका वर्षी एक व्यापारी तिथे आला. त्याची उपनगरांत चार दुकानं. त्याने डूल उलटेपालटे केले, चिठ्ठी वाचली आणि खूश झाला.

"ताई, ही हंड्याची गोष्ट झकास आहे. माल मी उचलतो सगळा. फक्त ते काळं पडेल वाक्य काढा. लिहा, कधीच काळं पडणार नाही."

"मग ते पितळ नसेल."

"अहो, कोण बघायला येतंय?"

"मी आहे ना इथे," ताई म्हणाल्या, आणि त्याच्या हातातले डूल काढून घेऊन जागेवर ठेवले.

पुढच्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, तोच व्यापारी माझ्या गाळ्यात आला. ताईंच्या चिठ्ठ्या कुठे छापतात ते विचारून पत्ता काढला असेल. तीन हजार चिठ्ठ्या हव्या होत्या, जाड, नव्या कोऱ्या कागदावर. मजकूर ताईंचा. ‘हे पितळ एका फुटक्या हंड्याचं आहे.’ काळं पडण्याची शेवटची दोन वाक्यं तेवढी गाळलेली. माल कारखान्यातला, साच्यातून निघालेला, हे त्यानेच हसत हसत सांगितलं.

मी नाही म्हणू शकलो असतो. त्या महिन्यात माझी काही उपासमार होत नव्हती. पण तीन हजारांचं काम होतं, पुढे आणखी मिळेल असं तो म्हणत होता, आणि मी स्वतःची समजूत घातली की मी दागिने थोडेच विकतोय, मी कागद विकतोय. ताईंची फाइल संगणकात होतीच. दोन वाक्यं काढली आणि छापून दिलं.

आठवड्याने ताई कात्रणं न्यायला आल्या. नेहमीसारखा गोणीत हात घातला. त्यात बिघडलेल्या छपाईचे दोन ताव होते. मला ते आठवलं तोवर ताईंनी उघडून वाचायला घेतले होते.

चिडल्या की त्यांची भाषा कोकणातल्या गावाकडे जायची. तशीच गेली.

"तुका म्हायत होतां?"

"हो ताई."

"हंडो खंय आसा?"

हंडा कुठेच नव्हता.

"कुणाचा माल, तेही म्हायत होतां?"

"हो."

त्यांनी त्या तावातली एक चिठ्ठी नीट कातरून घेतली, बटव्यात ठेवली. कात्रणं तशीच सोडली. दारातून म्हणाल्या, "रविवारी मुलुंडला प्रदर्शनात ये." ती विनंती नव्हती.

मी गेलो. न जाण्याची माझी टाप नव्हती. सभागृहात व्यापाऱ्याचं दालन अगदी दाराजवळ, दिव्यांनी लखलखलेलं. ताईंचं टेबल मागे, जिन्याखाली. ताईंनी त्याच्या दालनातून डुलांचा एक जोड रीतसर विकत घेतला, आपल्या टेबलावर आणला, त्याची चिठ्ठी बटव्यातल्या चिठ्ठीशी ताडून पाहिली, शेजारी आपला एक जोड ठेवला. मग पिशवीतून कानस काढली आणि आधी स्वतःचे डूल घासले. आतही पिवळे. मग त्याचे घासले. दोन फटक्यांत पिवळा रंग गेला आणि आतून राखाडी धातू वर आला.

"बघा," त्या समोरच्या बायकांना म्हणाल्या. "हा हंडा, आणि हे काय ते मला माहीत नाही."

गर्दी जमली. दालनातल्या बायका हातातले डूल परत ठेवायला लागल्या तसा व्यापारी धावत आला, पाठोपाठ आयोजक.

"ताई, इथे धंदा करायचा, भांडायचं नाही."

"मी कुठे भांडतेय? मी घासतेय."

व्यापारी ओरडला, "जळते आहे ही! माझ्या चिठ्ठ्या बघा, हिच्याच छापखानेवाल्याने छापल्यात. हिला धंदा जमत नाही म्हणून दुसऱ्याचा—"

ताईंना माझ्याकडे नुसतं बोट दाखवायचं होतं. मी चार हातांवर उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कानशीवरचा कीस त्या फडक्याने पुसत राहिल्या. मला वाचवत होत्या की मला संधी देत होत्या, हे मला अजून कळलेलं नाही.

"मी छापल्यात," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "मी छापल्यात. हंडा नाही हे मला माहीत होतं."

नंतर काय झालं? सिनेमात होतं तसं काही नाही. व्यापाऱ्याचं दालन दिवसभर चालू राहिलं. ताईंना मात्र तासाभरात टेबल गुंडाळायला लावलं, आणि पुढे कुठल्याच प्रदर्शनात जागा मिळाली नाही. आयोजक सगळे एकमेकांना ओळखतात. मी त्यांचं सामान रिक्षापर्यंत उचलून नेलं. वाटेत माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "ती पिशवी सरळ धर. आत काचेची बरणी आहे."

पुढच्या शुक्रवारी, दुपारच्या सुट्टीच्या वेळेला, ताई माझ्या गाळ्यासमोर चटई टाकून बसल्या. मला विचारलं नाही. वसाहतीतल्या कारखान्यांच्या, कार्यालयांच्या मुली डबे खाऊन फिरायला निघायच्या. आधी दोघी थांबल्या, मग दहा. महिन्याभरात शुक्रवार ठरून गेला. मालकांच्या संघटनेने हरकत घेतली तेव्हा ताईंनी त्यांना कानस दाखवली आणि चहाही पाजला.

नव्या चिठ्ठ्यांचा मजकूर सांगताना एकच वाक्य वाढवलं. "खाली तुझ्या छापखान्याचं नाव आणि पत्ता घाल. खोटं निघालं तर लोक तुझी मान धरायला येऊ देत." त्या दिवसाचा उल्लेख त्यांनी तेवढाच केला. सहा वर्षं माझं नाव त्यांच्या पितळेखाली लटकत होतं. कुणी आलं नाही.

मग ताईंचा उजवा हात थरथरायला लागला. करवतीचं पातं रोज तुटायला लागलं. शुक्रवारच्या मुलींपैकी एकीने सुचवलं, कारागीर ठेवा, नाव तुमचंच राहू दे. ताई तिच्यावर इतक्या डाफरल्या की ती बिचारी रडायलाच लागली. मग तिच्याच हातात एक कडं घातलं. म्हणाल्या, "शिकायचं असेल तर शीक. पण मग तुझं नाव लाव गं."

उन्हाळ्यात त्यांनी खोली सोडली. सावंतवाडीजवळ बहीण आहे, तिच्याकडे जायचं ठरवलं. मी म्हटलं, आता आराम करा. तर डोळे वटारले. "बारीक काम गेलं. मोठं आहे ना? गावात किती भांडी पडलीत चेपलेली. हातोडा मारायला हात थरथरला तर काय बिघडतं?"

मुलुंड चेकनाक्याला एसटीत बसवायला गेलो होतो. सामान थोडंच. पण गोणपाटात गुंडाळलेली ऐरण त्यांनी मला टपावर चढवू दिली नाही, डिकीतही ठेवू दिली नाही. कंडक्टर वैतागला.

"मावशी, हे सीटवर चालणार नाही."

"सीटवर कुठाय? मांडीवर आहे."

"अहो, वजन केवढं आहे! सावंतवाडीपर्यंत पाय मोडतील तुमचे."

"माझे मोडतील ना? तू तिकीट फाड."

मागचे लोक हसले. कंडक्टरने कपाळाला हात लावला आणि बेल मारली. मी खिडकीखालून हात हलवत चार पावलं चाललो. ताई बघत होत्या, पण त्यांचे दोन्ही हात ऐरण धरून होते, माझ्यासाठी एकही मोकळा नव्हता. गाडीने वळण घेतलं. त्यांनी नुसती हनुवटी वर केली.