पाणी आण

"आपोआप झालं" हे वाक्य मी कुणाकडून ऐकून घेत नाही. माझा पेशाच तसा आहे, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा. भुताखेतांवर विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही... पण घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

गेल्या वर्षी माणिकपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी काम करत होते. डेटाबेसमध्ये आकडा, तारीख, मजकूर असे प्रकार असतात. प्रत्येकाचा एक नमुना बायनरीत, म्हणजे शून्य-एकच्या रूपात, बाहेर काढायचा, परत आत घालायचा आणि दोन्ही तंतोतंत जुळतात का पाहायचं, एवढीच टेस्ट. आकडे पास, तारखा पास. मजकुरासाठी मी सुचेल ते मराठी टाकलं होतं — "कोण आलं? पाणी आण."

परत आलं — "कोन आलं? पानी आन."

आधी वाटलं, टाइप करताना मीच चुकले. पण आत घातलेल्या ओळीत ण नीट होते. तीनदा चालवलं, तिन्ही वेळा तेच. संगणकात ण तीन बाइटांचा, म्हणजे तीन तुकड्यांचा असतो, त्यातला शेवटचा बदलून नेमका न होत होता. बाकी एक अक्षर हललं नव्हतं.

पुण्याच्या निखिलला, माझ्या सहकाऱ्याला, फोन केला. त्यानं चालवून पाहिलं.

"माझ्याकडे पास आहे. तुझ्या मशीनचं काहीतरी असेल. ती ओळ काढून टाक ना, संध्याकाळी रिलीज आहे."

"नाही काढत."

"का पण?"

काय सांगणार? माझे बाबा मिठागरावर कामाला होते. ते असंच बोलायचे. नववीत असताना माझी मैत्रीण घरी आली, बाबांनी तिला विचारलं, "बाय, पानी देऊ?" मी तिच्यादेखत म्हणाले, "बाबा, पानी नाही, पाणी." ती हसली. त्यानंतर माझ्या ओळखीच्या माणसांसमोर बाबा बोललेच नाहीत. माझ्या लग्नातही नुसते हात जोडत फिरले. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती, आणि मी कधी माफी मागितली नव्हती.

मी टेस्ट नापास लिहिली. रिलीज थांबलं, मॅनेजरची बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी तोच कोड, तेच मशीन — ण जागच्या जागी. आदल्या दिवशीची नोंद उघडली, तर तिच्यात मात्र तिन्ही न तसेच.

त्या दुपारी आई चहा घेऊन आली, तेव्हा तिला सगळं सांगितलं. नववीतलंसुद्धा. तिनं कप टेबलावर ठेवला.

"त्यांना ठाऊक होतं तुला लाज वाटते ते," ती म्हणाली. "रागावले नव्हते. मिठागरावर एकटेच बोलून बघायचे, पाणी, पाणी... जीभ वळायची नाय. मना म्हनाले, पोरीला नको सांगू."

चहा तसाच राहिला.

निखिल म्हणतो, मेमरीत बिघाड असेल. बिघाडानं एखादा बिट उलटतो, शून्याचा एक होतो, हे मलाही कळतं. इथे प्रत्येक अक्षरात तीन-तीन उलटले होते, नेमके हवे तेच, आणि तेही दर वेळी. का, ते मला आजतागायत सांगता आलेलं नाही. ती टेस्ट कागदोपत्री अजून नापासच आहे.